याकूबच्या चपला

याकूब दर जुम्म्याला नमाजनंतर आमच्याकडे यायचा. दुबईजवळच्या अजमानच्या या बिल्डिंगीत माझ्याशी धड मराठी बोलणारा तेवढाच एक. मुलगा फरदीन घरात असतो, पण मी चार गोष्टी विचारल्या की 'बिझी' नाहीतर 'लेटर' असा इंग्लिशमधला एक शब्द तोंडावर टाकतो.

त्या जुम्म्याला याकूब म्हणाला, "हलिमाभाभी, व्हिसा कॅन्सल केला. बुधवारी रत्नागिरीला. खलास."

"तिथं कोण वाट बघतंय तुझी? बांगडे?"

तो हसला. मी उठले, कपाटातली पिशवी आणून त्याच्यापुढं ठेवली. "तुझ्या चपला तेवढ्या घेऊन जा."

नऊ वर्षं झाली. रास अल खैमाच्या रस्त्यावर आमची पिकअप उभ्या ट्रकला धडकली, फरदीनचे अब्बा बाहेर फेकले गेले आणि जागीच गेले. गाडीत एकटेच होते, चालवताना डोळा लागला, असं ठरलं. पोलिसांनी त्यांचं सामान म्हणून दिलं ते घड्याळ, बूट आणि या चपला. बूट घालणारा माणूस चपला कशाला नेईल? डाव्या चपलेचा अंगठा मीच जाळ्याच्या दोऱ्यानं शिवून दिला होता, याकूबला. याकूब मासेमारीच्या मचव्यावर वाढलेला. स्टिअरिंगला बसायचं तर आधी चपला काढून पाय मोकळे करणार. लायसन त्याच्याकडं नव्हतंच. मयतीला आला तो कोऱ्या बुटांत. मी दुसरी यत्ता शिकलेली, आंधळी नाही.

याकूब त्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिला.

"तुमचा मोहिद्दीन बाजूला झोपला होता," तो म्हणाला. "दमला होता, मीच म्हटलं, दे इकडं. मग... पळालो मी, भाभी. तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर जुम्म्याला कोण आलं असतं? आता तू चाललासच, मग मी कुणासाठी गप्प बसू? फरदीनला सांग. बापानं निष्काळजीपणानं जीव घालवला म्हणतो, नाव घेत नाही त्यांचं."

मी फरदीनला हाक मारली. याकूबनं उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगा त्याची कॉलर धरणार. तो माझ्याकडं वळला आणि कित्येक वर्षांनी मराठीत बोलला.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"नऊ वर्षं?"

मी पदर सारखा केला. 

त्यानं गाडीची चावी उचलली. "चला अंकल, सोडतो."

खिडकीतून पाहिलं तर गाडी बराच वेळ हलली नाही. फरदीनचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं, याकूबचा हात त्याच्या पाठीवर.

मी त्याच्या अब्बांचं घड्याळ काढलं, पुसलं, चावी दिली. चालू झालं. फरदीनच्या उशीवर ठेवलं.

मगरिबला, दिवेलागणीला, तो परतला. खोलीतून बाहेर आला तेव्हा घड्याळ मनगटावर होतं.

"जेवतोस?" मी विचारलं.

"लेटर," तो म्हणाला.