बाहूचे जे टोक असेल

राजेश्रीने शाईच्या बाटलीतली काडी बाहेर काढली आणि तिचा हात तसाच थांबला. समोर उभ्या मुंजाजीला बोटंच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मळणी यंत्राने त्याचा एक हात ओढला, तो सोडवायला गेलेला दुसराही घेतला. दोन्ही हात मनगटापाशी संपले होते.

झरीच्या शाळेत लोकसभेचं मतदान चालू होतं. पत्रे तापले होते आणि रांग दाराबाहेर गेली होती.

"द्या की सोडून, ताई," खिडकीजवळचा पोलिंग एजंट म्हणाला. "त्यो काय दुबार मत टाकायला यायलाय? अख्खं गाव वळखतंय त्याला."

दोघंतिघं हसले. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं, पण मुंजाजीचा चेहरा उतरला.

"मागच्या दोन्ही खेपेला हिनं बटण दाबलं," स्वतःचं मत देऊन बाजूला थांबलेल्या बायकोकडे, सुलाबाईकडे, मान वळवत तो म्हणाला. "शाई बी हिच्याच बोटाला. मी कोराच घरी गेलो. आज माझं मी दाबणार हाय. मला शाई पायजे."

"पण लावू कुठं?" राजेश्रीने केंद्राध्यक्षांना विचारलं.

केंद्राध्यक्ष दत्तराव म्हणजे निवृत्तीला आलेले मास्तर. सकाळपासून बारीकसारीक गोष्टीला ते नियमांचं पुस्तक उघडत होते आणि हाताखालची माणसं पार वैतागली होती. आताही त्यांनी पुस्तक ओढलं. पानं उलटत बसले. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"सापडलं," ते म्हणाले आणि वाचू लागले. "मतदाराच्या दोन्ही हातांची सर्व बोटे नसतील, तर डाव्या किंवा उजव्या बाहूचे जे टोक असेल, त्यास शाई लावावी."

एजंटने मान खाली घातली.

"म्हंजे आमच्यासारख्याचं बी लिहून ठेवलंय?" मुंजाजीने विचारलं.

"हाय की," दत्तराव म्हणाले. "साठ वर्षं झाली या नियमाला."

"साठ?" मुंजाजी म्हणाला. "तवा तर माझा जन्म बी नव्हता."

दत्तराव पुस्तकाकडे बघत राहिले. किती निवडणुकांत हे पान त्यांनी नुसतं उलटून टाकलं होतं. दिल्लीत कुणीतरी कागदावर वाकून बसलं असेल. एक बोट नसेल तर काय, सगळीच नसतील तर काय, असं करत करत ते माणूस थेट मुंजाजीपर्यंत येऊन पोचलं होतं. त्यांना एकदम भरून आलं.

राजेश्रीने मुंजाजीचा डावा हात अलगद धरला आणि टाक्यांच्या वणाजवळ शाईची ठळक रेघ ओढली. मग तो एकटाच पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेवटी यंत्राचा लांबलचक आवाज आला.

मुंजाजी बाहेर आला, पण दाराकडे गेला नाही. टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सर, तेवढं आणखी एकदा वाचता का? हिनं नीट ऐकलं न्हाई."

सुलाबाई तिथेच दोन पावलांवर उभी होती. तिने शब्दन्‌शब्द ऐकला होता. तरीही ती टेबलाजवळ सरकली. रांगेतूनही कुणी घाई केली नाही.

दत्तराव खुर्चीवरून उठले, चष्मा पुसला आणि उभ्यानेच वाचू लागले.