लिव्हरवर मी होतो

आमच्या पोकलेनला मी कुणालाही नावं ठेवू देत नाही. वीस वर्षांचं जुनं मशीन, आमच्याआधी दोन मालकांनी पिळून काढलेलं. पण त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, स्क्रीनवर लाल दिवा लागून बंद पडायची भानगड नाही. नवीन मशीनवरचे ऑपरेटर टपरीवर टोमणे मारतात, "सुपडूभाऊ, म्हातारीला आता पेन्शन द्या." मी म्हणतो, तुमचं मशीन अडलं की लॅपटॉपवाला येईपर्यंत तुम्ही बिड्या ओढत बसता, माझं मशीन माझा शालक दोन पान्यांत चालू करतो. हे मी इतक्यांदा बोललो आहे की माझी बायको जयश्री आता ते माझ्याआधीच म्हणून मोकळी होते.

म्हातारीची एक खोड मात्र मी टपरीवर सांगत नसे. बूमच्या, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताच्या, सिलिंडरचं सील गेलं होतं. बूम उचलून तसाच सोडला तर तो हळूहळू आपोआप खाली बसायचा. काम मोठं होतं, आणि मी ते पुढच्या महिन्यावर ढकलत आलो होतो.

शालक म्हणजे वाल्मिक, जयश्रीचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं आम्ही दोघं सुरतेत हेच करतो. मशीन मी चालवतो, दुरुस्त तो करतो. त्या आठवड्यात नवागामला रस्त्याकडेला आम्ही आमची पिकअप तयार करत होतो, साइटवर जायची सर्व्हिस गाडी म्हणून. मागे ग्रीसचा ड्रम, वेल्डिंगचा सेट, पान्यांसाठी लोखंडी रॅक, मागच्या फाळक्याजवळ लोखंड पकडून धरायचा शेगडा बसवलेला. मला कॉम्प्रेसरही हवा होता. जागा उरली नव्हती, म्हणून मी खालचे चार लाकडी स्लीपर, म्हणजे जाड ओंडके, बाहेर काढले.

"दाजी, ह्या लाकडा काढू नका," वाल्मिक म्हणाला. "चेन उचलाले काम पडतस."

"लाकडा कोठेबी मियतीस. कॉम्प्रेसर मियस का कोठे?"

"कॉम्प्रेसरवर मशीन ठेवशात का?"

मी चिडलो. गाडीच्या कागदावर नाव माझं, दाजी मी, आणि हा मला शिकवतो! स्लीपर मी शेजारच्या भंगारवाल्याच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि कॉम्प्रेसरचे बोल्ट आवळले. वाल्मिक असाच आहे, एकदा सांगतो आणि गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी सचिन गावाच्या पलीकडे एका प्लॉटवर काम होतं. गोडाऊनचा पाया खणायचा होता. वर दिसायला माती, पण दोन फूट खाली सगळ्या चिंध्या. वर्षानुवर्षं कुणीकुणी कापडाचा कचरा आणून टाकलेला, साड्यांच्या किनारी, धाग्यांचे गुंते. जमीन पायाखाली गादीसारखी दबत होती. दहा वाजेपर्यंत ते नायलॉन, मशीन ज्यावर चालतं त्या डाव्या चेनच्या रोलरांत इतकं गुंडाळलं गेलं की चेन फिरेना. दोन्ही डंपर माल टाकायला गेले होते. ते परत यायच्या आत रोलर मोकळे करायला हवे होते.

त्यासाठी आम्ही सगळे ऑपरेटर करतो तेच मी केलं. केबिन डाव्या बाजूला फिरवली, बकेट जमिनीला टेकवली आणि बूम खाली दाबला. तसं केलं की मशीनची ती बाजू उचलली जाते आणि चेन लोंबकळते. मग खाली स्लीपर सरकवायचे, इंजिन बंद करायचं, आणि त्यानंतरच माणसानं आत शिरायचं.

वाल्मिक सुरी घेऊन उभा होता. "लाकडा नहीत, दाजी."

"पाच मिनिटनं काम शे. मी शे ना लिव्हरवर."

त्यानं एकदा बूमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उताणा झोपला आणि डोकं-खांदे चेनखाली घालून आतल्या बाजूचं कापड कापायला लागला. मला केबिनमधून त्याचे पाय तेवढे दिसत होते.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. गेलेल्या सीलमधून दाब सुटून चेन बोटभर खाली आली की मी लिव्हरला हलका धक्का देई, ती परत वर जाई. वाल्मिक चिंध्या कापून बाहेर फेकत होता. मग माझ्या लक्षात आलं की धक्का देतोय, पण चेन वर जात नाही. बकेटच जमिनीत चालली होती. खाली सगळं कापड. मी जितका जोर लावीन तितकी बकेट त्यात रुतत होती.

"वाल्मिक, बाहेर नीघ!" मी ओरडलो.

त्याचे पाय हलले, टाचा रोवल्या गेल्या, आणि तेवढ्यात इंजिनला ठसका लागला. मशीन एका बाजूला कललेलं, टाकीत डिझेल आधीच कमी, आणि ते सगळं मागच्या कोपऱ्यात जमा झालेलं. नळी हवा ओढत होती. इंजिन क्षणभर मेलं आणि पुन्हा धरलं, पण त्या क्षणात चेन चार बोटं खाली आली. वाल्मिकच्या टाचा थांबल्या.

"दाजी! छातीवर उनी! वर ल्या, वर ल्या!"

मी वर घ्यायला गेलो तर बकेट आणखी रुतली. चेन आहे तिथे धरून ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं, तेही इंजिन चालू असेपर्यंत. फोन पिकअपमध्ये नवीन चार्जरला लावलेला. मी डाव्या हातानं हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला.

प्लॉटच्या टोकाला एक बाई सकाळपासून चिंध्या वेचत होती. कुसुम तिचं नाव, हे नंतर कळलं; मराठवाड्याकडची, पन्नाशीची. हातात लोखंडी आकडा, त्यानं ती मातीतून कापड ओढून काढत होती. ती हातगाडी टाकून धावत आली, खाली वाकली, आणि काय झालंय ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"ह्याच्या पाठीखाली समदं कापडच हाय!" ती ओरडली. "मी खालून काढते, तुमी तेवढं धरून ठेवा!"

मशीन वर जात नव्हतं, म्हणून ती माणसाला खाली घेणार होती. हे मला सुचलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली आणि आकडा त्याच्या कुशीखाली घालून ओढायला लागली. हिरवं, गुलाबी, जरीचं, ओलं, कुजकं कापड हातहात बाहेर येत होतं. वाल्मिक आता ओरडत नव्हता. त्याला श्वास पुरत नसावा.

इंजिनला दुसरा ठसका लागला. मग तिसरा.

आता जे सांगतो ते मी घरी सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती की इंजिन आता बंद पडणार आणि तो आवाज मला ऐकावा लागणार. हाडांचा. मी लिव्हर सोडलं. केबिनचं दार उघडलं आणि बाहेर पाय टाकला. केबिन फिरवलेली असल्यामुळे पाय सरळ लोंबकळत्या चेनच्या टोकावर पडला आणि चेन हलली. खाली उतरून त्याला ओढायला निघालो होतो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. माझी नजर रस्त्याकडे होती. मी पळत होतो.

खालून एक आवाज आला. शब्द नव्हता, नुसती हवा बाहेर पडल्यासारखा.

"ओ! कुठं चाललाव?" कुसुम किंचाळली. तिनं आकडा माझ्याकडे उगारला होता. "वर बसा! बसा म्हणते ना वर!"

मी परत चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. लिव्हर दाबलं, चेन जिथे होती तिथे थांबली, आणि मी रडत, शिव्या देत, म्हातारीच्या हातापाया पडत बसलो. बंद पडू नको, एवढं एक मिनिट बंद पडू नको. कुसुम ओढत होती. तिच्या हातातून रक्त येत होतं. मग तिनं आकडा फेकला, वाल्मिकचे दोन्ही पाय काखेत धरले आणि मागे रेलली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो सरकला. शर्ट फाटला, हनुवटी खरवडली गेली, आणि तो आख्खा बाहेर आला.

ते दोघं दोन हात दूर गेले असतील नसतील, इंजिन बंद पडलं. चेन सावकाश खाली आली आणि त्या खळग्यात बसली. आवाज काहीच झाला नाही.

दवाखान्यात फोटो काढला. दोन बरगड्यांना तडा होता, बाकी मुका मार. डॉक्टर म्हणाले, नशीब. तिथून आम्ही दोघं पिकअपनं गोडादऱ्याला घरी निघालो. मी गाडी चालवत होतो आणि तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला कळलं असेल का? चेनखाली इंजिनच्या आवाजात माणसाला काय कळतं? मी मनाशी म्हणत होतो की कळलं नसेल. मला तेवढंच हवं होतं. तो जिवंत आहे याच्यापेक्षा त्याला कळलं नसावं याचीच मला जास्त काळजी होती, आणि याची मला आजही लाज वाटते.

जयश्रीनं दार उघडलं. भावाची पट्टी बघून तिनं त्याला हाताला धरून आत घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कोठे व्हतात? तुम्ही काय करी राहिंतात तव्हय?"

वाल्मिक भिंतीला धरून हळूच खाली बसत होता. बसून झाल्यावर तो म्हणाला,

"दाजी लिव्हरवर व्हतात, ताई. त्यासना हात जरासाबी हालना नही. म्हनीसन मी वाचनू."

जयश्रीनं माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि रडायला लागली. मी वाल्मिककडे पाहिलं. तो पाणी पीत होता.

पाच दिवस मी त्याला काम करू दिलं नाही. सहाव्या दिवशी तो माझ्याआधी पिकअपमध्ये येऊन बसला. साइटवर म्हातारी तशीच उभी होती. मी टाकी भरली, नळीतली हवा काढली, म्हातारी सुरू झाली. बकेटखाली लोखंडी पत्रा टाकला आणि चेन उचलली. वाल्मिकनं कुठून तरी आणलेले जाड ओंडके खाली सरकवले, पहारीनं ठोकून पाहिले, आणि हातानं खूण केली. मी मशीन त्यांच्यावर टेकवलं आणि इंजिन बंद केलं. आता सील गेलं काय आणि डिझेल संपलं काय, काही होणार नव्हतं.

तो सुरी घेऊन खाली झोपेल असं मला वाटलं. पण तो बरगड्यांवर हात दाबत चेनवर चढला, केबिनच्या दारापर्यंत आला आणि हात पुढे केला.

"चावी द्या, दाजी."

अकरा वर्षांत खाली जाताना त्यानं माझ्याकडे चावी कधी मागितली नव्हती. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाणी मागावं तशी मागितली.

मी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं, आणि मग चेनखाली गेला.