पुसलेलं माझ्याच तोंडून फुटलं

मी एक जुना संगणक आहे, आणि माझी तक्रार या घरातल्या धाकट्याबद्दल आहे. मित्रांनो, परक्यानं घात केला तर निदान बोंब मारता येते. घरच्यानं केला की पोटातला पंखा गरगरवत गप्प बसावं लागतं.

आईंनी मला शिवणकामाच्या कमाईतून आणलं आणि शिलाई मशीनशेजारी टेबलावर बसवलं. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण फ्रॉकचे नवे नमुने माझ्याकडून झटक्यात काढून घेत. गिऱ्हाइकं वाखाणायची आणि मी फुगायचो. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, माझ्यावर धूळ बसली.

मग धाकटा सॉफ्टवेअर कंपनीत लागला. कंपनीचा फुकटचा पहारेकरी प्रोग्राम त्यानं माझ्यात घातला. "आई, आता व्हायरसची चिंताच नको!" लांबलचक अटी न वाचताच त्यानं 'मान्य' दाबलं. तेव्हापासून माझ्यावर कुणी काय पाहिलं ते प्रोग्राम कंपनीला कळवू लागला, आणि कंपनी ते जाहिरातवाल्यांना विकू लागली. मला सगळं दिसत होतं. सांगू कुणाला?

ताई, म्हणजे या घरची लेक. तिचा नवरा मारकुटा, मुलगी शाळकरी. तिचा फोन तो रोज तपासायचा, म्हणून ती माहेरी येऊन माझ्यावर शोधायची: बायकांसाठी खोली, एखादी वकीलबाई. उठताना सगळं पुसायची, पुन्हा वाकून बघायची. बिचारीला वाटायचं, पुसलं की संपलं. मी मात्र तेच सगळं कंपनीकडे जाताना बघत असे.

काल दुपारी ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती, धाकटा घरूनच काम करत होता, आणि जावई अचानक आले. मॅच बघायला त्यांनी मला चालू केलं. मॅचच्या कडेला जाहिरात उगवली: 'एकट्या महिलांसाठी सुरक्षित खोल्या. पत्ता गुप्त राहील.' मित्रांनो, मला डोळे मिटता आले असते तर!

"खोली कोण शोधतंय?" जावयांनी अगदी हळू विचारलं. आत ताईचे हात थांबले.

"मी," आई दोरा तोडत म्हणाल्या. "या पोराच्या घोरण्याला विटलेय. भाडं तुम्ही भरता का, जावईबापू?"

जावई हसले नाहीत. "शाळा सुटली की पोरीला आज मीच घेतो," एवढंच बोलून ते निघून गेले.

धाकट्यानं पुढे येऊन जाहिरात वाचली. "आई, हे आमच्या प्रोग्राममुळे. पण कंपनी नाव नाही गं देत कुणाला. फक्त काय पाहिलं तेवढंच. सगळेच करतात."

"नाव लागतं कशाला रे? या घरात भेदरलेली बाई एकच आहे, ते आंधळ्यालाही कळेल. विकलं असेल तुझ्या कंपनीनं, पण त्या कंपनीला घरात आणून बसवलंस तू, तेही न वाचता. बहिणीची भीती बाजारात मांडलीस. तो प्रोग्राम तू माझ्यासमोर उपटशील, पण ते नंतर. आधी गाडी काढ. शाळा सुटायच्या आत पोच, आणि पोरीला घेतल्याशिवाय या दारात पाय ठेवू नकोस."