सोसायटीचे गेज

मी एक जुने पोलादी गेज आहे. गेज म्हणजे माप तपासायचे साधन. माझ्या एका टोकाला भोक आहे, दुसऱ्या टोकाला खुंटी. पंपाचा दांडा माझ्या भोकात न ठोकता, न डुगडुगता जायला हवा. दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश माझ्या खुंटीवर तसाच बसायला हवा.

मित्रांनो, आमच्या गावात अख्खा पंप कोणीच बनवत नसे. एका शेडमध्ये दांडा, दुसरीत बुश, तिसरीत कवच. एकाचा दांडा दुसऱ्याच्या बुशात बसावा, म्हणून शेडवाल्यांच्या सहकारी सोसायटीने मला घडवून घेतले. रोज सकाळी मी शेडशेडमधून हातोहात फिरे. माझ्याबरोबर बातम्याही फिरत. कोणाचा लेथ, म्हणजे कातकामाचे यंत्र, बंद पडला की त्याचे काम शेजारी करून देई. खरेदीदार म्हणत, "या गावचा माल डोळे मिटून घ्यावा."

मग सोसायटीचा चेअरमन कोण, यावरून एकाच घरातले दांडेवाले दीर आणि बुशवाल्या वहिनी यांचे बिनसले. मी सोसायटीच्या कपाटात कुलूपबंद झालो. शेडवाल्यांनी जुन्या दांड्या-बुशांवरून माझी नक्कल केली, मग नकलेची नक्कल. प्रत्येक वेळी केसाएवढा फरक पडत गेला.

गावाला वर्षभर पुरेल एवढी ऑर्डर आली, आणि पंप अडकतात म्हणून सगळा माल परत आला.

"दांडा जाड आहे तुमचा, भाऊजी."

"नाचता येईना अंगण वाकडं, वहिनी!"

"मग अंगणच मोजू. तोडा ते कुलूप."

दांडा माझ्या भोकात गेला नाही. बुशही खुंटीवर चढला नाही.

"दोघांचंही चुकलंय," वहिनी म्हणाल्या.

"पुन्हा करून देऊ की. फोन लावा खरेदीदारांना."

"लावला होता. त्यांनी दुसरीकडून घेतले."

दिरांनी मला कपाटात ठेवले आणि दार लोटून घेतले. मला वाईट वाटले का? पोलाद उन्हाने किंचित फुगते, थंडीने आक्रसते. त्याहून अधिक काही जाणवले नाही.

हळूहळू शेड बंद झाल्या. वहिनींनी लेथ विकला. परवा दीर एकटेच आले. नवा दांडा त्यांनी माझ्या भोकात घालून पाहिला. तो गेला नाही. माझ्या भोकात आता गंज आहे. दांडा जाड होता की गंज आडवा आला, हे सांगणारे दुसरे माप गावात नाही. ते मला परत कपाटात ठेवून निघून गेले.

मित्रांनो, जे सगळ्यांचे आहे ते कुलपात ठेवू नका. पुसा, आणि शेजाऱ्याला वापरायला द्या.