चिंचेनं घासलेली तार

"सर, तव्यानं भाजलेलं मुलींना चालतं, मग सोल्डरनं भाजलं तरच का चालत नाही?"

प्रश्न चारुशीलाचा नव्हताच. मंजूनं पैज लावली होती – विचारून दाखव, नाही तर आठ दिवस माझं दप्तर तू उचलायचं – पण तोंडातून सुटल्यावर तो तिला इतका आपलाच वाटला की फक्त मुलगेच घेत त्या टेक्निकल विषयाच्या खोलीच्या दारात ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. मागे शिवणवर्गातून सटकलेल्या मैत्रिणींचं फिदीफिदी. आत मुलं रेडिओचे किट उघडून बसलेली, आणि भारंबे सरांच्या बोटांत तार. केसाहून जरा जाड, काकवीच्या रंगाची... खरं तर प्रश्नाच्या आधी तिला ती तारच दिसली होती.

सर रागावले नाहीत. "भाजलं तर मलम लावायचं. ये आत. चपला राहू दे पायात, देवळात नाही आलीस."

वर्ग हसला, चारूही हसली – नववीत आल्यापासून ती अशीच हसायची, सगळ्यांच्या वरताण. गॅदरिंगचं भाषण असो की कंडक्टरशी भांडण, भीती म्हणून कशाची वाटेनाशीच झाली होती – आणि सरांनी तिच्या हातात ब्लेड दिलं.

"फक्त दोन टोकं खरवड. मधल्या तारेला धक्का लावायचा नाही. का? या तारेवर वार्निश असतं. ते गेलं की वेढा वेढ्याला लागतो आणि शंभर वेढ्यांची कॉईल मरते. मग बसा इअरफोन कानाला लावून दिवसभर."

ब्लेड थांबलं.

"सर... तार छान चकचकीत असली तर?" हा प्रश्न पैजेतला नव्हता, आणि तो इतका हळू निघाला की सरांना पुन्हा विचारावं लागलं.

"चकचकीत झाली म्हणजे वार्निश गेलंच की, बाई!"

असोद्याच्या बसमध्ये मंजू तिच्या पाठीत धपाटे घालत होती – जिंकलीस गं! सरच म्हणाले ना फॉर्म भरून आण, मग आजच घरी सांगून टाक, टेक्निकल घेणार म्हणून – आणि चारू खिडकीतून मागे पळणारी केळीची पानं बघत होती, पण तिला दिसत होता एक खोका. निळ्या पुठ्ठ्याचा, रेडिओच्या किटचा. सुनंदाआत्याला, म्हणजे नानांच्या धाकट्या बहिणीला, दहावीत शास्त्रात पहिली आली म्हणून शाळेनं दिलेला. आत इअरफोन, डायोड, फिरवायची चकती, आणि कागदाच्या रिळावर तार. चार वर्षं झाली. आबा, तिचे आजोबा, तेव्हा होते. ओट्यावर पान लावत म्हणाले होते, "दिवाईपर्यंत हा डबा वाजवून दाखव सुनंदे, जूनमधी तुले आयटीआयले धाडतो, रेडिओच्या वर्गात." सगळं घर हसलं होतं. आत्या हसली नव्हती. तिनं खोका फडताळात ठेवला – शेतातलं निंदणं आटोपू दे, मग निवांत बसते म्हणाली.

मग भुलाबाई बसल्या. गल्लीतल्या पोरींची रोज संध्याकाळी गाणी, झाकलेला खाऊ ओळखायची घाई, आणि मातीच्या भुलाबाईच्या अंगावर मात्र एक दागिना नाही... दहा वर्षांची चारू फडताळापुढं उभी. तारेच्या बांगड्या किती सुरेख झाल्या होत्या! नथ, कमरपट्टा, भुलोजीला मुकुटसुद्धा. कात्रीनं कच्‌ कच्‌ तुकडे. सगळ्या पोरी म्हणाल्या, चारूची भुलाबाई सोन्याची. कोजागिरीला ती सोन्याची भुलाबाई पाण्यात गेली, आणि घरी आल्यावर चारूला खोक्यातलं रिकामं रीळ दिसलं.

मळ्यातल्या पंपाची मोटर त्याच महिन्यात जळली होती. रिवायंडिंगवाल्यानं काढलेली जुनी तार गोठ्यात पोत्यात पडलेली – काळी, करपलेली. त्यातली लांब लांब बघून काढली. आणि घरात तांब्याचे हंडे कशानं घासतात ते काय तिला माहीत नव्हतं? चिंच. मीठ. राख. दुपारभर घासली, बोटं सोलली, पण तार अशी लखलखली की पहिलीपेक्षा सुंदर. रिळावर गुंडाळून खोक्यात ठेवली. कुणाला कळलं नाही. तिला वाटलं, बरंच केलं आपण.

"कसी चकाकते वं!" आत्या म्हणाली होती. पाइपच्या तुकड्यावर तिनं एकेक वेढा मोजून, जिभेचं टोक ओठांत धरून, अगदी अंगाला अंग लावून बसवला होता. एरियल निंबावर, अर्थची तार न्हाणीतल्या ओल्यात. मग कानाला इअरफोन... जळगाव केंद्र तर सहा मैलांवर. पहिला दिवस, दुसरा, आठवा. "चूप राय जरा चारू, काईतरी येऊन राह्यलं." काही येत नव्हतं. तिनं डायोड उलटा केला, एरियल वाढवलं, अर्थमध्ये मीठ घातलं. तारेवर संशय तिनं घेतलाच नाही, आणि चारू शेजारी बसून चूप राहिली, इतकी चूप की आजवर. दिवाळीच्या पाडव्याला आत्यानं खोका बंद केला. "माह्या हातालेच गुन नाई," एवढंच म्हणाली. तुळशीचं लग्न लागलं आणि चार दिवसांत धुळ्याची मंडळी आत्याला बघून गेली.

त्याचं इतकं नाही. धुळ्याला ती सुखात आहे, काका चांगले आहेत... पण गेल्या मे महिन्यातली ती दुपार! फ्यूज उडाला, पंखा बंद, आत्या पदरानं वारा घेत बसून राहिली – ते आले की बघतील, मला नाही बाई जमत ते विजेचं. चारूनं स्टुलावर चढून तार बदलली होती, पंखा फिरला होता, आणि आत्या खालून बघत म्हणाली होती, "किती हुशार माझी पोर! मी नुसती घोकंपट्टीची." आणि चारू – हीच चारू – स्टुलावर उभी राहून कौतुकानं फुगली होती.

घरी नाना ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. आई कोथिंबीर निवडत होती. फॉर्म दप्तरात होता, वाक्य बसमध्येच पाठ झालं होतं, आणि मुठीत होता सरांकडून मागून आणलेला तारेचा वीतभर तुकडा, न खरवडलेला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. वार्निश लागतच नाही हाताला... असं कसं, इतकं पातळ काहीतरी, त्याच्यावर एवढं सगळं.

"काय वं, अशी उभी काहून?" आई म्हणाली.

"रविवारी मी धुळ्याला जाणार. आत्याकडे. एकटी."

"आता भुलाबाईले सुनंदा येईनच ना माहेरी."

"तोवर नाही थांबायचं मला." आवाज तिचाच होता, पण नेहमीचा, वरचा नव्हता, नानांचे हात थांबले, ते मान वर करून तिच्याकडे बघू लागले. "मला तिला एक सांगायचंय. ते ऐकून ती मला घरात ठेवो की न ठेवो – आणि टेक्निकलचा फॉर्म मी त्यानंतरच भरणार, नाना. आधी नाही."