सहासष्ट, शून्य तीन, दोनशे

"तुम्ही मुक्कामावर पोहोचला आहात," फोनमधली बाई म्हणाली, आणि गुनवोरने गाडी थांबवली. रस्ताच तिथे संपत होता. कुलूप घातलेलं, होड्या ठेवायचं एक नावघर, दगडांवर वाळलेलं शेवाळ आणि पुढे डोंगरांत शिरलेल्या फ्योर्डचं करडं पाणी. माणूस नाही, यंत्र नाही, आणि बोट तर नाहीच.

"आलो का?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने, टोर्लाइव्हने, विचारलं. त्याला आता समोरचं दिसत नसे. नजरेच्या कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं.

"फोन म्हणतोय, आलो."

"आणि तू काय म्हणतेस?"

गुनवोरने इंजिन बंद केलं. पहाटे पाचपासून ती गाडी चालवत होती. गुडघा सुजला होता, कंबर लाकडासारखी झाली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याला घेऊन एवढ्या लांब यायचं, आणि तेही एक लाकडी बोट मोडताना बघायला. बघायला तरी कसलं? "मला फक्त तिला हात लावायचाय," असं तो महिनाभर म्हणत होता. बोटीचं नाव 'ओलिने', त्याच्या आईचं. एकतीस वर्षं गुनवोरने नवरा या बोटीबरोबर, म्हणजे जणू सासूबरोबरच, वाटून घेतला होता. अठरा वर्षांपूर्वी बोट विकली तेव्हा तिला मनातून हायसं वाटलं होतं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. आज दुपारी एक वाजता बोट मोडायला घेणार होते. आत्ता बारा वीस झाले होते.

तिने बोट मोडणाऱ्या ओडवारला फोन लावला.

"कुठे आहात बाई? बोट इथे किनाऱ्यावर ओढून ठेवलीय, यंत्रही आलंय."

"तुम्ही सांगितलं तिथेच उभे आहोत. इथे एक नावघर आहे, बाकी काही नाही."

"नावघर लाल? छपरावर पत्रा?"

"हो."

"मग पाण्यापलीकडे बघा. पिवळं यंत्र दिसतंय? त्याच्याशेजारी मी, हात हलवतोय."

अडीच किलोमीटर पाणी मध्ये. त्यापलीकडे एक पिवळा ठिपका आणि त्याच्या शेजारी काहीतरी पांढरं.

"तुझा कागद वाच," टोर्लाइव्ह म्हणाला.

ओडवारने फोनवर सांगितलेलं तिने पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं होतं. तिने वाचलं, "सहासष्ट, शून्य तीन, दोनशे. तेरा, शून्य एक, पाचशे."

"बरोबर. आणि फोनमध्ये काय घातलंस?"

"तेच. मधली मोकळी जागा तो घेत नव्हता, म्हणून सहासष्टनंतर टिंब दिलं आणि पुढचे आकडे सलग लिहिले. त्याने मुकाट्याने घेतलं."

टोर्लाइव्हने डोळे मिटले. "अगं, ती मिनिटं आहेत. सहासष्ट अंश, तीन पूर्णांक दोन मिनिटं. अंशाची साठ मिनिटं होतात, शंभर नाही. तुझा फोन अंशाचेच दशांश मागतो."

"मग तसं म्हणायचं ना."

"कोण म्हणतं? समुद्रावर कोणीच म्हणत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं."

सगळ्यांना. गुनवोरला आठवलं, संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बोटी आपापली जागा सांगायच्या. बटाटे सोलता सोलता ती कान देऊन बसायची. 'ओलिने'चे आकडे आले की पेन्सिलने कॅलेंडरच्या कडेला लिहायचे, दररोज, पोरं झोपाळलेली असली तरी. एकतीस वर्षं तिने ते आकडे लिहिले. त्यातला एक तरी कुठला डोंगर, कुठलं पाणी दाखवतो, हे तिला माहीत नव्हतं. तिला हवा असायचा तो आवाज. आवाज आला म्हणजे माणूस आहे. आकडे काय, कुठलेही असोत. आणि इतक्या वर्षांत तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"एकदा तरी शिकवायचं होतंस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलंस? मला वाटायचं तुला कंटाळा येतो."

"येत होताच."

तो हसला, पण आवाजात हसू नव्हतं. "चल, परत जाऊ. फेरीबोट आता उन्हाळ्यातच असते. वळसा घालायचा तर अठ्ठावन्न किलोमीटर. तुझा पाय बघ. तू दुर्बिणीतून बघ आणि मला सांग, तेवढं पुरे."

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. पांढरी बोट एका कुशीवर कलंडलेली होती, खालची बाजू जुन्या रंगाने लालसर. खरं म्हणजे तिला इथेच बसून राहायचं होतं. थर्मासमधली कॉफी, लोणी-साखर लावलेली लेफ्सेची मऊ पोळी, आणि पाय लांब करून अर्धा तास. तो काही बोलला नसता. जन्मभर बोलला नसता. तेच तिला नको होतं.

तिने पाकीट गुडघ्यावर ठेवून भागाकार केला. तीन पूर्णांक दोन भागिले साठ. एक पूर्णांक पाच भागिले साठ. गणित सोपं होतं, चौथीच्या पोरालाही आलं असतं. सहासष्टपुढे शून्य पाच तेहेतीस. तेरापुढे शून्य पंचवीस. या वेळी बाण पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

मग तिने पुन्हा ओडवारला फोन केला. "आम्ही येतोय. तासभर लागेल."

"बाई, यंत्र तासाच्या भाड्यावर घेतलंय."

"मागच्या बाजूने सुरू करा मग. पुढचा भाग शेवटी."

"चालकाला आधी जेवायला बसवतो," ओडवार म्हणाला. "तो सावकाश जेवतो. पण अडीचला त्याला दुसरीकडे जायचंय, सांगून ठेवतो."

वळणावळणाचा रस्ता, ओली पानं, दोन बोगदे. एका वळणावर तिचे डोळे मिटायला लागले, गाडी कडेला सरकली, तेव्हा टोर्लाइव्ह म्हणाला, "काच खाली कर." तिने केली.

दीड वाजून गेल्यावर ते पोहोचले. चालकाचं जेवण झालेलं होतं. केबिन गेली होती, मागचा अर्धा भाग फळ्यांचा ढीग होऊन पडला होता. पुढचा अर्धा मात्र अजून उभा होता. ओडवारने हात वर केला आणि यंत्र थांबलं.

गुनवोरने टोर्लाइव्हला दंडाला धरून दगडांवरून नेलं. त्याचा हात आतल्या बाजूने फळीवर टेकवला आणि ती बाजूला झाली. तो हात फळीवरून सावकाश पुढे सरकत गेला, पुढच्या टोकाच्या मोठ्या उभ्या लाकडापर्यंत, आणि तिथे थांबला. बराच वेळ.

ती एका पालथ्या पेटीवर बसली. आता पाय दुखत होता की नाही, हेही कळत नव्हतं.

"गुनवोर," तो पाठमोराच म्हणाला, "ती अजून कोरडी आहे. आतून."

"बरं."

"चांगली बांधली होती."

"होय," ती म्हणाली. "तुझं झालं की सांग. घाई नाही."