सेमेसाच्या कबरीवरचे शिंपले

पहाटे चर्चचा लाकडी ढोल वाजला की मी उठायचे. एक स्तोत्र म्हणायचे आणि सेमेसाच्या कबरीवर एक शिंपला ठेवून यायचे. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याला मातीत ठेवलं त्याच संध्याकाळी मी हे व्रत घेतलं, आणि अंगात ताप असतानाही ते मोडलं नव्हतं. कबर आता पांढरीशुभ्र झाली होती, गुडघाभर उंच.

शिंपले काइकोसोचे. ओहोटी लागली की आमच्या गावच्या बायका खाडीच्या चिखलात बसून हातांनी काइकोसो चाचपतात. नारळाच्या दुधात शिजवून खातात, उरले ते बाजारात नेतात. पण गेले तीन हंगाम टोपली अर्धीही भरत नव्हती. जे मिळत ते म्हातारे, आणि कवच इतकं पातळ की अंगठ्याने दाबलं तर चुरा व्हायचा. पिल्लू एकही नाही.

माझ्या नणंदेची मुलगी केलेरा राजधानीत, सुव्याला, समुद्राचं शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने चिखलात नळी खुपसून काहीतरी मोजलं.

"मामी, जगभराचा धूर समुद्र पितोय आणि आंबट होतोय," ती म्हणाली. "आपला चिखल तर त्याहून आंबट. पिल्लू तांदळाच्या कणीएवढं असतानाच त्याचं कवच विरघळतं."

"मग काय करायचं?"

"जुने शिंपले कुटून चिखलात कालवायचे. चिखलाचा आंबटपणा त्यांच्यावर खर्ची पडतो, पिल्लं वाचतात. सगळा समुद्र नाही सुधारायचा, पण आपला तुकडा सुधारेल. पिल्लं पाण्यातून चिखलात उतरायच्या आधी, म्हणजे या पौर्णिमेच्या आत करायला हवं."

मी मान खाली घातली. माझी सासू खाऊन झालेले शिंपले टोपलीत भरून परत चिखलात टाकायची. मीच महिला मंडळात उठून म्हटलं होतं, देवाच्या घराची वाट चिखलाची आहे, शिंपले तिथे घालू. सगळ्यांना ते पटलं. पुढे त्या वाटेवर सिमेंट ओतलं.

घराघरांतून शिंपले जमवले तेव्हा तीन पोती निघाली. केलेरा म्हणाली, पुरणार नाहीत. बाकीचे कुठे आहेत ते सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कोणी माझ्याकडे बघेना.

कबर माझ्या एकटीची नाही, ती सेमेसाच्या कुळाची. म्हणून मोठं मागणं घालताना न्यायची असते तशी यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन मी थोरल्या नणंदेकडे, विलिमाइनाकडे गेले. आम्ही एकमेकींना दाउवे म्हणतो, आणि टोमणे मारायचा आमचा हक्क आहे.

"एवढी मोठी जुडी?" ती म्हणाली. "दाउवे, पुन्हा लग्न करायचंय का?"

"या वयात मला कोण करून घेतंय?"

"पलीकडच्या गावचा बहिरा नावाडी घेईल. तुझं हे पुटपुटणं त्याला ऐकूच जायचं नाही."

मी जुडी तिच्यासमोर ठेवली आणि मागणं सांगितलं. तिचं हसू गेलं.

"माझ्या भावाला उघडा करायचा?"

"हो."

"आणि तुझं व्रत?"

"देवाला शिंपले हवे होते की मी रोज उठावं हे हवं होतं, मला कळत नाही. तीन पहाटा विचारलं. उत्तर आलं नाही."

ती चटईची दशी ओढू लागली. मग म्हणाली, "सेमेसा वाटीला लागलेला रस्साही बोटाने पुसून खायचा. काइकोसो संपले असं त्याला कळलं तर स्वतःच उठून टोपली भरेल." तिने जुडी उचलून घेतली. "पण पहिला हात माझा. नाहीतर लोक तुला बोलतील."

दुसऱ्या दिवशी तिने पहिली ओंजळ उचलली. दुसरी मी उचलली. उघड्या मातीवर तिने स्वतः विणलेली नवी चटई अंथरली. पुरुष संध्याकाळी प्यायला यांगोनाची मुळं ज्यांत कुटतात, ती उखळं शिंपले कुटायला घेतली. ते कुरकुरले.

"संध्याकाळी पेल्यात रेती आली तर चावून प्या," विलिमाइना त्यांना म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निम्म्या खाजणात तो पांढरा चुरा कालवून झाला. निम्म्यालाच पुरला.

पहाटेचं स्तोत्र चालूच आहे. आता कबरीपाशी ते म्हणते आणि ओंजळभर चुरा घेऊन पाण्याकडे जाते.

काल, पाच महिन्यांनी, ओहोटीला मी चिखलात बसले होते. बोटांना काहीतरी टोचलं. मला वाटलं आपलाच चुरा. वर काढला तर नखाएवढा काइकोसो, तोंड घट्ट मिटलेला. शेजारी दुसरा. त्याच्या खाली आणखी तीन. मग उरलेल्या निम्म्या भागात जाऊन चाचपलं. तिथे काही नव्हतं. परत आले, पहिला तळहातावर घेतला आणि अंगठ्याने दाबला.

मोडला नाही.

"काय ग, काय मिळालं?" विलिमाइनाने विचारलं. मी सांगितलं.

"मला काय सांगतेस कानात? मोठ्याने सांग."

मी सांगितलं. किती मोठ्याने ते माहीत नाही, पण खाडीच्या पार टोकाला बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.